वेदोक्तापासून जळितापर्यंत

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खून करणारा गोडसे पुण्याचा, जातीने चित्पावन ब्राह्मण, हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे पेटू लागली. या काळाचा अभ्यास केलेल्या मॉरिन पॅटर्सन यांच्या लेखनानुसार, एकट्या सातारा जिल्ह्यात तीनशेच्या आसपास गावांत सुमारे हजार घरे जळाल्याची सरकारदरबारी नोंद झाली. पुष्कळ ठिकाणी माणसांना बाहेर काढून मग घर पेटवले. पण खूनही झाले. गोडसे हे नुसते आडनाव असलेल्या एका कुटुंबातले तीन पुरुष मारले गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीतून सुटला नाही.

एका बातमीने एवढा वणवा पेटत नाही. सरपण शंभरहून अधिक वर्षे रचले जात होते.

त्याची सुरुवात शोधायला प्रतापसिंह महाराजांच्या साताऱ्यात जावे लागते. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजांनी छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि दाबून ठेवलेला प्रश्न वर आला. भोसले क्षत्रिय आहेत की नाहीत? त्यांच्या घरचे संस्कार द्विजांसाठीच्या वेदोक्त मंत्रांनी व्हायचे की शूद्रांसाठीच्या पुराणोक्त? कायस्थ प्रभूंच्या मागे तर जातिबहिष्काराचे ग्रामण्य लागलेलेच होते. महाराजांच्या विरोधातल्या पक्षाचे पुढारपण सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्याकडे होते. म्हणजे भांडण थेट सातारा आणि सांगली या दोन गाद्यांमधले. १८३० च्या सुमारास साताऱ्यात शास्त्र्यांची सभा भरली. महाराजांच्या बाजूने आबा पारसनीस उभे राहिले आणि सरशी वेदोक्ताची झाली. वाद मात्र मिटला नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेलेले रंगो बापूजी गुप्ते दहा वर्षांहून अधिक काळ तिथे झगडले, पण हाती काही लागले नाही.

पुढे या झगड्याला शेतीचे अंग फुटले. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. १८७३ साली त्यांनी पुण्यात स्थापलेला सत्यशोधक समाज सातारा जिल्ह्यात खोल रुजला. भटाविना लग्ने लागू लागली, गावोगाव जलसे होऊ लागले. कुळकर्ण्याचे दप्तर, सावकारी खतपत्रे आणि जमिनीची मालकी पुष्कळ गावांत एकाच ब्राह्मण वाड्यात असायची. १९२० च्या आसपास कुळांनी खंड द्यायला नकार दिला, तेव्हा ते जातीचे आणि पोटाचे असे दोन्ही भांडण होते. मात्र गावातली सगळीच ब्राह्मण घरे वाड्यातली नव्हती, भिक्षुकीवर कशीबशी जगणारीही होती. १९४८ च्या जमावाने हा फरक केला नाही.

तोडगा काढण्याचे प्रयत्नही याच मातीत झाले, आणि मला ते जास्त मोलाचे वाटतात. कर्मवीर भाऊराव पाटील सत्यशोधकी मुशीतले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे राहायची. त्यांनीच पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या आणि एका पंगतीत बसून जेवायचे. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. १९२७ मध्ये गांधीजी या बोर्डिंगात येऊन गेले. ज्या जिल्ह्यात कोणासाठी कोणता मंत्र म्हणायचा यावरून शंभर वर्षे डोकी भडकली, तिथे ही पंगत बसली. कुठल्याही तहापेक्षा मी ती मोठी मानतो.

औंध संस्थानाचेही तसेच. तिथल्या ब्राह्मण राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली आपणहून रयतेला स्वराज्य दिले. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात पत्री सरकार हे इंग्रजविरोधी प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील सत्यशोधकी वळणाचे, पण त्यांच्या भूमिगतांना आसरा मिळाला तो याच औंधच्या हद्दीत. आणि तरीही पाचच वर्षांत घरे जळाली.

जळितानंतर सरकारने घरे बांधायला कर्जे दिली. त्याच वर्षी कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्याला मालक केले. तो न्यायच होता. पण नुसत्या खंडावर जगणाऱ्या कुटुंबाला घरापाठोपाठ जमीनही गेल्याचे दुःख झाले, हेही तितकेच खरे. असंख्य कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली. भांडण थांबले त्याचे एक कारण, भांडायला एक बाजू गावात उरली नाही, हे आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ कादंबरीत हा काळ पकडला. एरवी दोन्ही बाजूंनी तोंड मिटून घेतले.

तोंड मिटणे हा एकच मार्ग नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षे लढले, साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये करार झाला, मे महिन्यात लोकांनी मतदान करून तो स्वीकारला. दोन वस्त्यांमधल्या भिंती तिथे अजून उभ्या आहेत, पण ज्यांची माणसे गेली त्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम मन लावून झाले आहे. आपल्याकडे भिंती नाहीत आणि नोंदीही फारशा नाहीत. गावात पडक्या जोत्यावर बाभळी वाढलेल्या दिसतात. पायरीचा घडीव दगड शेजारच्या गोठ्यात बसवलेला असतो, आणि तो वाडा कोणाचा होता हे नातवाला ठाऊक नसते.

१९४८ साली सात-आठ वर्षांची असलेली मुले आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. ज्यांचे घर जळाले ती, शेजाऱ्याला माळ्यावर लपवणारी आणि वडिलांना मशाल घेऊन जाताना पाहिलेलीसुद्धा. सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांनी आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात. आणि वाचकहो, तुम्हीही आपल्या घरातल्या अशा आजी-आजोबांसमोर या दिवाळीत मोबाइलचे रेकॉर्डिंग लावून बसा. त्यांना बोलू द्या, मध्ये वाद घालू नका, आणि ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.