माळवदाखालची उसनवारी

मेरी नॉर्टनच्या ‘द बॉरोअर्स’ या कादंबरीतला मुलगा हिंदुस्थानात वाढलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहते. आजारपणातून उठल्यावर त्याला इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या नातेवाईक बाईंच्या घरी पाठवलेलं असतं. दोन भाषांत वाढल्यामुळे तो वाचताना अडखळतो. मग त्या घराच्या जमिनीखाली राहणारी, पेन्सिलीएवढ्या उंचीची ॲरिएटी त्याला पुस्तकं वाचून दाखवते. शनिवारी सकाळी मी गल्लीतल्या मुलांना गोष्टी सांगते, तेव्हा या जागी आलं की मुलं सावरून बसतात. घरी मराठी, गल्लीत दखनी आणि शाळेत इंग्रजी, असं आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या कितीतरी मुलांचं चालतं. अडखळणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

माणसांत लपून राहणाऱ्या चिमुकल्या माणसांच्या गोष्टींचा माग काढायचा तर 28 ऑक्टोबर 1726 पर्यंत मागं जावं लागतं. त्या दिवशी जोनाथन स्विफ्टचं गलिव्हरचं प्रवासवर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे 2026 मध्ये सहा इंची लिलिपुटवासीयांना तीनशे वर्षं होतात. स्विफ्टनं ते लिहिलं मोठ्यांसाठी, राजकारणावर कोरडे ओढण्यासाठी. पण दोरांनी जखडलेला गलिव्हर आणि त्याच्या छातीवर चढणारी इवलीशी माणसं मुलांनी उचलली, आणि ती आजवर सोडलेली नाहीत.

स्विफ्टची माणसं सातासमुद्रापलीकडं होती. पुढच्या लेखकांनी त्यांना जवळ जवळ आणलं. 1946 मध्ये टी. एच. व्हाइटनं लिलिपुटच्या वंशजांना इंग्लंडमधल्या एका पडक्या महालाच्या तळ्यातल्या बेटावर वसवलं. दहा वर्षांच्या मारियाला ती सापडतात आणि पहिल्यांदा ती त्यांच्याशी खेळणी समजून वागते. आपला जीव जिच्या मुठीत मावतो ती व्यक्ती आपली मालकीण होत नाही, हे तिला शिकावं लागतं. माझ्या मते या साऱ्या परंपरेतला हा सगळ्यात मोलाचा धडा आहे. मूल घरात सगळ्यात लहान असतं, सगळे त्याला उचलून इकडचं तिकडं ठेवतात. या गोष्टीत ते एकदम राक्षसाएवढं होतं आणि आपल्या हातापायांना जपायला शिकतं.

1952 मध्ये नॉर्टनबाईंनी त्यांना थेट घरात, पायाखाली आणलं. लहानपणी बाईंची नजर अधू होती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लांबचं दिसेना म्हणून त्या जवळचं बघत बसायच्या: कुंपणाच्या बुंध्याशी, गवतात, मुळांच्या फटीत. तिथून पॉड, होमिली आणि त्यांची लेक ॲरिएटी आली. उंच घड्याळाखालून त्यांच्या घराची वाट, म्हणून आडनाव क्लॉक. भिंतींना जुन्या पत्रांचे कागद, तसबिरींच्या जागी टपालाची तिकिटं, लेकीची खोली म्हणजे सिगारच्या दोन पेट्या. ही मंडळी आपल्या जगण्याला चोरी म्हणत नाहीत. ती ‘उसनं’ घेतात. वाटीभर साखर शेजारून आणणाऱ्या आपल्या बायकांचाच हा शब्द.

पुढं 1955, 1959, 1961 आणि 1982 अशी आणखी चार पुस्तकं आली. घर सुटलेलं हे कुटुंब कधी शेतात पडलेल्या बुटात, कधी किटलीत राहतं आणि एकदा तर फुग्याला टोपली बांधून कैदेतून निसटतं. मला मात्र पहिल्या पुस्तकातलाच एक प्रसंग सोडत नाही. मोठी माणसं आपल्यासाठीच जन्माला घातलेली आहेत, असं ॲरिएटी समजत असते. जगात मोठ्या माणसांची केवढी गर्दी आहे ते मुलगा तिला सांगतो, आणि आपण कदाचित शेवटचेच उरलो असू, हे तिला पहिल्यांदा कळतं.

जपाननं ही माणसं मनापासून आपली केली. 1959 मध्ये इनुई तोमिको यांनी लिहिलेल्या कादंबरीत इंग्लंडहून आलेली चिमुकली माणसं एका जपानी घरात राहतात आणि रोजच्या पेलाभर दुधावर जगतात. मग युद्ध येतं, दूध मिळेनासं होतं. 2010 मध्ये स्टुडिओ जिब्लीनं ॲरिएटीवर चित्रपट केला आणि तिचं घर टोकियोच्या परिसरात नेलं.

आपल्याकडं बीज नव्हतं असं नाही. महाभारताच्या आदिपर्वातले वालखिल्य ऋषी अंगठ्याएवढे. कश्यपाच्या यज्ञासाठी सगळे मिळून पळसाची एकच काडी ओढत नेताना ते गाईच्या खुरानं पडलेल्या खळग्यातल्या पाण्यात गटांगळ्या खातात. इंद्र हसतो. ते दुसरा इंद्र निर्माण करण्याचा यज्ञ मांडतात आणि त्यातून गरुड जन्मतो. पुढं तोच गरुड ज्या फांदीवर बसतो ती मोडते, तिला हे ऋषी उलटे लटकलेले असतात, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून तो ती चोचीत धरून जागा शोधत हिंडतो. वेरूळच्या लेण्यांतले ढेरपोटे, बुटके गण तर आमच्या शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत.

जागेचीही वाण नाही. पाणचक्कीला डोंगरातून पाणी आणणारे मातीचे नळ आहेत, मलिक अंबरच्या नहरीची भुयारं आहेत. पण मला दिसतं ते आजीचं माळवदाचं घर. भिंतीत बळद, त्याच्या तळाशी धान्य काढायचं मूठभर भोक आणि त्यात कोंबलेला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की ज्वारी धारेनं खाली यायची. सुई हरवली की आजी त्या भोकाकडं बघून म्हणायची, “नेली असंल कुणीतरी, देईल आणून.” पॉडच्या कुटुंबाला याहून भरलेलं घर कुठं मिळालं असतं?

अशी घरं आता झपाट्यानं पडताहेत, आणि बळद, देवळी, उतरंड हे शब्द मुलांना चित्र काढून दाखवावे लागतात. ज्यांचं जुनं घर अजून उभं आहे त्यांना माझी विनंती आहे. पाडायला काढण्याआधी एक दिवस मुलांना घेऊन आत फिरा. कोनाडे मोजा, बळदाच्या भोकात हात घालू द्या, घराचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्यात कोण कुठं राहतं ते त्यांनाच लिहू द्या.