फळीवरचा पहिला पाय

साताऱ्यात आमच्या लहानपणी खेळण्यांच्या दुकानाआधी गॅरेजशी ओळख व्हायची. ट्रकच्या गॅरेजात बाद झालेली बेअरिंगं मिस्त्रीची मनधरणी करून मिळवायची, सुताराकडून एक फळी मागून आणायची, पुढे एक आणि मागे दोन बेअरिंगं ठोकली की झाली गाडी तयार! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. घराबाहेर पडलं की एक तर चढ, नाही तर उतार. गाडी खडखडाट करत सुटली की अर्धी पेठ शिव्या घालायची. ब्रेक म्हणजे आपल्याच पायातली चप्पल. महिन्याकाठी एक जोड झिजायचा आणि घरी त्याचा वेगळा हिशेब व्हायचा.

हे सारं आठवायचं कारण माझी सांगलीची भाची. वय वर्षं दहा. गेल्या वाढदिवसाला तिने स्केटबोर्ड मागितला. ताईने चित्र बघून, रंग बघून आणि मुख्य म्हणजे किंमत हजाराच्या आत आहे हे बघून एक मागवला. तिसऱ्या दिवशी विश्रामबागेतल्या त्यांच्या गल्लीत चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला. बोर्ड जागच्या जागी थांबला. भाची थांबली नाही. मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि बोर्ड माळ्यावर. “पोरीच्या जातीला कशाला हवीत असली थेरं?” हा आजीचा निकाल अपेक्षितच होता. मला बोचलं ते भाचीचं वाक्य. ती म्हणाली, “मामा, मला नाही जमत ते.”

मी तो बोर्ड माळ्यावरून खाली काढला. चाकाला बोटाने टिचकी मारली. दीड फेरा होऊन चाक थांबलं. चाक कडक प्लॅस्टिकचं, आसही प्लॅस्टिकचे, आणि मी उभा राहिलो तर फळी मधोमध वाकली. न जमण्यात पोरीचा काही दोष नव्हता.

गंमत म्हणजे स्केटबोर्डची जन्मकथा आमच्या बेअरिंगच्या गाडीहून फार निराळी नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियातली, समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी पोरं, लाटा नसतील त्या दिवशी रोलर स्केटची चाकं फळीला ठोकून रस्त्यावर उतरली. ती चाकं आधी लोखंडी होती, पुढे मातीच्या मिश्रणाची आली. दोन्ही खड्याला अडायची आणि पोरं तोंडावर आपटायची. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं आणली. ती रस्ता धरून चालू लागली आणि खेळाचं रूपच पालटलं. म्हणजे भाचीला ज्या दुखण्याने पाडलं, त्यावरचं औषध पन्नास वर्षांपूर्वीच निघालेलं!

प्लास्टर निघालं, आठवडा गेला आणि ताईचा फोन आला. “दादा, ती परत मागतेय. एक तर तू नीट बघून आण, नाही तर नको म्हणून तूच सांग तिला.” नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग ओळखीच्या एका तरुणाला गाठून धडे घेतले. त्याचा पहिला प्रश्न बोर्डाबद्दल नव्हताच. “काका, चालवणार कुठं?”

सगळा निवाडा या एका प्रश्नात आहे. चाकावर दोन आकडे असतात. एक व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणाचा, पुढे ‘ए’ अक्षर असलेला. ५२ मिलिमीटर आणि ९९ ए हे चाक गुळगुळीत सिमेंटच्या मैदानावरच्या कसरतींसाठी. आपल्या डांबरी रस्त्यांवर ते दात खिळखिळे करतं. आपल्याला हवं ५६ ते ६० मिलिमीटरचं, ७८ ते ८५ ए दरम्यानचं मऊ चाक. ते बारीक खडा गिळून पुढे जातं. सांगली सपाट, तेव्हा पाय मारत राहायचं आणि चाकाने साथ द्यायची. साताऱ्यात मात्र हेच चांगलं चाक नवख्याचा वैरी होतं, कारण राजवाड्याकडून निघालेलं पोर पोवई नाक्याआधी थांबेल याची खात्री कोण देणार? साताऱ्याच्या पालकांनी आधी सपाट अंगण शोधावं, मग बोर्ड.

फळी मेपल लाकडाची, सात पदर चिकटवलेली. दहा वर्षांच्या मुलीला सात ते साडेसात इंच रुंदी पुरते, मोठ्या माणसाला आठच्या आसपास. चाकं ज्या आसावर बसतात त्याला या खेळात ‘ट्रक’ म्हणतात. (आमच्या भागात ट्रक म्हटला की उसाचा नाही तर हळदीचा!) तो ॲल्युमिनियमचा हवा आणि त्याची रुंदी फळीच्या रुंदीशी जुळायला हवी. चार चाकांत मिळून बेअरिंगं आठ. तिथे मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. हे बेअरिंग ६०८ नंबरचं, बाहेरून २२ मिलिमीटर, आतलं भोक ८. छोट्या मोटरींत वापरतात तेच. पावसात गंजलं तर बेअरिंगच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. वेष्टनावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

असा बोर्ड साधारण चार-पाच हजारांच्या घरात जातो. ताईने आकडा ऐकून दीर्घ श्वास घेतला. त्यात हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे वेगळे. मी म्हटलं, रंगीत चित्रांचा सोस सोड, पण मनगटाच्या पट्ट्यांत काटकसर नको. पडताना माणूस हात टेकतोच. पहिलं प्लास्टर त्यामुळेच झालं होतं.

उरली आजी. तिला मी २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या मोमिजी निशियाची गोष्ट सांगितली. वय अवघं तेरा. आजी बधली नाही. जपानची मुलगी, तिचं काय! मग पुण्याच्या श्रद्धा गायकवाडचं सांगितलं. वडील सुरक्षारक्षक, ते काम करत त्या खेळसाहित्याच्या दुकानात तिची या फळीशी ओळख झाली आणि २०२२ साली गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिने सुवर्णपदक आणलं. आजीने ऐकून घेतलं, मग विचारलं, “तिला लागलं नव्हतं का कधी?” लागलं असेलच, म्हटलं.

गेल्या रविवारी सकाळी सांगलीत होतो. सोसायटीच्या आतल्या सिमेंटच्या रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आधीची वेळ. पहिल्या दिवशी फक्त उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी एक पाय मारायचा, असं ठरलेलं; भाची चौथ्या दिवसावर होती. आजी खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर हळदीची वाटी, तयारीत! भाचीने डावा पाय पुढे ठेवला, उजव्याने दोनदा रेटलं. वाटेत एक खडा होता. मी तो उचलायला वाकलो.

“मामा, राहू दे तो,” ती ओरडली, “तुम्ही बाजूला व्हा!”