जुन्या मोटारीचें क्षेम

संस्कृतांत योग आणि क्षेम हे दोन शब्द बहुधा जोडीनें येतात. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हें क्षेम, असा त्यांचा अर्थ आम्ही छत्तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. मात्र क्षेमास किती कागद लागतात आणि किती तेल लागतें, हें आम्हांस साठीच्या सुमारास एका जुन्या मोटारीनें शिकविलें. ही शिकवणी महाग पडली. ज्या घराच्या अंगणांत वडिलांच्या नांवाची एखादी भारी गाडी उभी असेल त्या घरास ती फुकट मिळावी, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहों.

आमचें मूळ बिऱ्हाड साताऱ्यास. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, व्यवसायानिमित्त सांगलीस स्थायिक झाले होते. चुली दोन झाल्या, तरी खर्चाची वही एकच राहिली. २००७ च्या दसऱ्यास दादांनीं चारहि चाकांना एंजिनाचा जोर पोंचविणारी एक मोठी, ऐटदार मोटार घेतली. तिचें नांव मुद्दामच देत नाहीं. पुढें जें घडलें त्यांत गाडीचा किंवा ती बनविणारांचा कांहीं दोष नव्हता. तो काळच तसल्या गाड्यांच्या हौसेचा होता. टाटांची सफारी १९९८ पासून रस्त्यावर होती; २००२ सालीं हिंदुस्थान मोटर्सनें मित्सुबिशीची पजेरो आणली, त्यानंतरच्या वर्षीं फोर्डची एंडेव्हर आली, आणि मागाहून २००९ मध्यें टोयोटाची फॉर्च्युनर. आमच्या भागांत डॉक्टर, द्राक्षबागाईतदार, साखर कारखान्यांचे संचालक असल्या मंडळींच्या दारांत या गाड्या दिसूं लागल्या. दादांच्या गाडीस सतरा लक्ष रुपये पडले. तो आंकडा ऐकून आमच्या मातोश्रींनीं त्या रात्रीं जेवण घेतलें नाहीं. परंतु पुढें महाबळेश्वरास जातांना पुढच्या आसनावर बसण्याचा हक्क त्यांनीं कोणास दिला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

सातारा आणि सांगली यांचें नातें पाण्याचें आहे. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगलीस त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधान मानतात. परंतु तिकडे पडलेलें पाणी कृष्णेनें आणि कोयनेनें कराडास एकत्र होऊन खालीं येतें, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा त्यांत भर घालते. पाऊस आमच्याकडे आणि पूर त्यांच्याकडे, असा हा व्यवहार. सांगलीच्या आयर्विन पुलावर, जो १९२९ सालीं वाहतुकीस खुला झाला, पाण्याच्या धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांपर्यंत चढलें.

त्याच वर्षाच्या एप्रिल अखेरीस दादा वारले होते. घर दुःखांत होतें. गाडीच्या कागदांची आठवण कोणास होणार? विमापत्र डिसेंबरपर्यंतचें होतें, हप्ता दादांनीं स्वतः भरलेला होता, तेव्हां सारे निर्धास्त. पूर आला तेव्हां घरचीं माणसें वेळींच बाहेर पडलीं, पण गाडी तळमजल्यावर राहिली आणि पुढच्या कांचेपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर पुतण्यानें, ती जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या घाईनें, किल्ली फिरविली. आंतून एक 'खट्' असा आवाज आला आणि सगळें शांत झालें. त्यानें साताऱ्यास आम्हांस फोन केला. "काका, एंजिन गेलें असें वाटतें. पण विमा डिसेंबरपर्यंत आहे, काळजी नको."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. सभ्य गृहस्थ होता. त्यानें चिखलानें भरलेल्या गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि दोनच प्रश्न विचारले. "मालक कोठें आहेत ?" आणि "पाणी ओसरल्यावर एंजिन कोणीं सुरू केलें ?" पहिल्या प्रश्नास पुतण्यानें भिंतीवरील हार घातलेल्या तसबिरीकडे बोट दाखविलें, दुसऱ्यास स्वतःकडे.

या दोन प्रश्नांतच सारा विषय आला. पहिला प्रश्न धन्याचा. मोटारीच्या विमापत्रांत बारीक टायपांत एक कलम असतें : विमेदार वारल्यास विमा तत्काळ संपत नाहीं, मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवर तो चालतो. त्या अवधींत वारसांनीं तो आपल्या नांवें करून घ्यावा किंवा नवा उतरवावा. आमचे तीन महिने जुलैच्या अखेरीस संपले होते. गाडी बुडाली तेव्हां त्यास जेमतेम दहा दिवस झाले होते. सरकारी नोंदीचेंहि तसेंच आहे. धनी वारल्यावर तीस दिवसांच्या आंत परिवहन कचेरीस कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नांवें करून घ्यावी, असा नियम आहे. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत 'गाडी घरची आहे' असें म्हणण्याची संवय असते. कायद्यास घर दिसत नाहीं. त्यास नोंदणीपत्रावरील एक नांव दिसतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असाच निर्णय दिला कीं, गाडी मागेंच विकलेली असली तरी नोंदणींत ज्याचें नांव शिल्लक असेल तोच अपघाताच्या भरपाईस धनी म्हणून जबाबदार.

नुकसान दिसलें तें पुराचें. पण आम्हांस आजहि रात्रीं दचकविते ती गोष्ट निराळी. त्याच दहा दिवसांत दादांच्या मासिक श्राद्धासाठीं सारी मंडळी याच गाडींतून साताऱ्यास आलीं आणि रात्रीं महामार्गानें परत गेलीं. मार्गांत कोणी पादचारी गाडीखालीं सांपडता तर ? परक्याच्या जीविताच्या हानीचा विमा आपल्या देशांत १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. आजच्या १९८८ च्या कायद्यांत तो १४६ व्या कलमानें आहे. या विम्यांत मृत्यूच्या भरपाईस रकमेची मर्यादा नाहीं, आणि म्हणूनच तो नसेल तर घराच्या जबाबदारीसहि मर्यादा नाहीं. पंधराशें घन सेंटिमीटरांहून मोठ्या एंजिनाच्या खासगी गाडीस २०२२ सालीं ठरविलेला त्याचा वार्षिक दर ७,८९७ रुपये, कर निराळा. एवढ्या रकमेसाठीं कोणी घर पणास लावणार नाहीं; आम्हीं तें अज्ञानानें लावलें होतें.

दुसरा प्रश्न एंजिनाचा. पुरानें झालेलें नुकसान सर्वंकष विम्यांत येतें. परंतु पाण्यांत बुडालेलें एंजिन आपण होऊन सुरू केल्यानें जी मोडतोड होते, ती पुराची नव्हे, आपल्या हाताची, असें विमा कंपन्या धरतात. यांत तथ्य आहे. वायु दाबला तर आकसतो, पाणी आकसत नाहीं. सिलिंडरांत पाणी असतांना पिस्टन वर येऊं लागला कीं त्यास जागा सांपडत नाहीं आणि त्याचा दांडा वांकतो. डिझेलच्या एंजिनांत दाब अधिक, म्हणून घावहि मोठा. बुडालेल्या गाडीची किल्लीच काढून ठेवावी, बॅटरीची तार सोडावी, आणि सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून ती न्यावी. चारहि चाकें चालणारी गाडी दोन चाकें उचलून ओढीत नेणें हा आणखी एक घात असतो, कारण मागचीं फिरतात आणि पुढचीं अडतात.

कंपनीनें मागणी नाकारली. तिला आम्ही दोष देत नाहीं. मेस्त्रीनें दोन लक्ष ऐंशी हजारांचा अंदाज दिला. येथें आणखी एक गोष्ट कळली, जी विमा जिवंत असता तरी आम्हांस टोंचलीच असती. गाडीची किंमत वर्षानुवर्षें उतरते, तिच्या भागांची उतरत नाहीं. सतरा लक्षांची गाडी बारा वर्षांनीं विमापत्रांत चार लक्षांची झाली होती. पण तिचें डिझेल उडविणारें यंत्र अजून सतरा लक्षांच्या गाडीचेंच होतें. शिवाय दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांची निम्मीच किंमत विम्यांतून मिळते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची तर वय कांहींहि असो, निम्मीच. कांच तेवढी पुरती. झीज न कापणारा जो वाढीव विमा असतो तो बहुधा पहिल्या पांच-सात वर्षांपलीकडे मिळत नाहीं. आणि दुरुस्तीचा खर्च विमापत्रांतील किंमतीच्या पाऊणपटीवर गेला कीं गाडी संपूर्ण गेली असें धरून हिशेब मिटवितात. म्हणजे भारी गाडी म्हातारी झाली कीं मधल्या प्रतीच्या अपघातानेंहि ती कागदावर मरते.

म्हणूनच ही किंमत ठरवितांना डोळे उघडे ठेवावे. पहिल्या पांच वर्षांपर्यंत ती कोष्टकानें ठरते. पुढें कंपनी व विमेदार यांच्या संमतीनें. हप्ता वांचावा म्हणून दलाल ती कमी लिहावयास सांगतो, आणि ममतेमुळें आपण ती अधिक लिहूं पाहतों. दोन्ही चूक. त्याच सालाची, तितकीच चाललेली गाडी बाजारांत कितीस जाते हें दोन-तीन ठिकाणीं विचारावें आणि तें लिहावें.

घरांत बैठक बसली. भंगारवाला चाळीस हजार देत होता. पुतण्या म्हणाला, देऊन टाकूं. आमचेंहि मत तसेंच होतें, हें कबूल करतों. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ठेवायची तर नीट ठेवूं, नाहींतर आजच जाऊं द्या. अर्धवट कांहीं नको." त्यांनीं आपली एक मुदतठेव मोडली. गाडी वहिनींच्या नांवें झाली, विमा वहिनींच्या नांवें झाला. (विम्याची मागणी न केल्याबद्दल जी सूट सांचते, पांच वर्षांनीं निम्म्यापर्यंत, ती मृताच्या पत्नीस, मुलांस किंवा आईबापांस मिळूं शकते; मात्र विमा संपून नव्वद दिवस गेले तर ती बुडते.) २०२१ पासून नोंदणीपत्रांत वारसाचें नांव आधींच घालून ठेवण्याची सोय झाली आहे. वहिनींनीं पुतण्याचें घातलें.

त्यानंतर गाडी आमच्याकडे साताऱ्यास आली, कारण निवृत्त मनुष्यास वेळ असतो असा घरांत समज आहे. तेव्हां मेस्त्रीच्या बांकड्यावर बसून आम्हीं नवें व्याकरण शिकलों. साध्या मोटारीस एंजिन आणि गिअरपेटी यांचें तेल पाहिलें कीं बहुतेक भागतें. या गाडीस त्याशिवाय पुढच्या व मागच्या आंसांकडे जोर वांटणारी पेटी, पुढचा डिफरेन्शिअल आणि मागचा डिफरेन्शिअल अशीं आणखी तीन तेलें. आणि बहुतेक धन्यांनीं तीं जन्मांत पाहिलेलीं नसतात. ओढ्यांतून गाडी गेल्यावर त्यांपैकीं एखादें दुधट दिसलें तर आंत पाणी गेलें असें समजावें आणि तें त्याच आठवड्यांत बदलावें. चार चाकांचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून लांब वाट चालतात, दोन्ही आंस एकत्र जखडले असतां तो फरक भरून निघत नाहीं आणि सगळा ताण दांत्यांवर येतो. पण भीतीनें तो दांडा कधींच न वापरणें हेंहि वाईट; तो गंजून बसतो. महिन्या दोन महिन्यांनीं मऊ मातीवर थोडा चालवावा. टायर चारहि एकाच मापाचे आणि शक्य तों एकाच झिजेचे हवेत. त्यांच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१८ असे असले तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यांतला. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचे टायर घाटांत नेणारे शहाणे आम्हीं पाहिले आहेत.

पावसाळ्यानंतर गाडी उचलून खालचा चिखल धुवून काढावा, नाहींतर तो आपल्या मागें गंज ठेवून जातो. आणि भाग मिळतात कीं नाहीं याची चौकशी गाडी चालू असतांनाच करावी. फोर्डनें २०२१ सालीं भारतांत गाड्या बनविणें थांबविण्याचें जाहीर केलें. पजेरो आणणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाड्याचा जुना कारखाना २०१४ सालींच बंद पडला. आपल्या गाडीच्या कुळाचें काय झालें हें धन्यास ठाऊक असावें.

२०२२ सालीं पंधरा वर्षें भरलीं. गाडी तपासून घेऊन नोंदणी आणखी पांच वर्षांसाठीं नवी करावी लागली. ही फी त्याच एप्रिलपासून सहाशांवरून पांच हजार झाली होती. पर्यावरण कर निराळा. वहिनींनीं पैसे मोजून दिले आणि पावतीवर हळदीचें बोट लावून ती दादांच्या जुन्या फाइलींत ठेवली. २०२७ च्या दसऱ्यास पुन्हां तीच यात्रा आहे. तेव्हां मेस्त्री जें सांगेल तें मानावयाचें, असें आमचें आणि त्यांचें ठरलें आहे.

गेल्या रोहिणी नक्षत्रांत वहिनी साताऱ्यास आल्या होत्या. विमापत्रावर सही करून झाली, आणि आम्ही दोघे गाडी घेऊन शेताकडील कच्च्या वाटेनें निघालों. वळवाच्या सरीनें माती मऊ झाली होती. थांबून आम्हीं चार चाकांचा दांडा ओढला. तो क्षणभर अडला, मग बसला.

"लागला का हो, भाऊजी ?" वहिनींनीं मागून विचारलें.

"लागला."

"मग चला. आभाळ भरून आलें आहे."