दोन महिन्यांचा मुक्काम

रेडिएशनच्या टेबलावर रुग्ण जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतो. सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, असे सहा-सात आठवडे. तेवढ्यासाठी रुग्णालय खाट देत नाही आणि देऊही नये, कारण ती खाट शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या कोणाला तरी हवी असते. मग दिवसाचे उरलेले तास त्या माणसाने काढायचे कुठे? मुंबईत घर असलेल्याला हा प्रश्न पडत नाही. बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीहून आलेल्या घराला मात्र आजाराचे नाव कळल्यावर पहिल्यांदा पडतो तो हाच.

कऱ्हाटी हे कऱ्हा नदीच्या काठचे, मोरगाव-सुपे पट्ट्यातले गाव. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला नीरा कालवा, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. तालुक्याचा हा पश्चिम भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या जिरायत राहिला. बाजरी, ज्वारी, दावणीला दोन-चार गाई आणि त्यांच्या दुधाचा पगार यावर घरे चालतात. अशा घरातल्या अण्णांच्या गालाला आतून न भरणारी जखम होते, पुण्यात तुकडा तपासायला जातो आणि कोणीतरी म्हणते, “टाटाला न्या.” मग मोरगाव, जेजुरी, सासवड करत एसटीने पुणे आणि तिथून रेल्वेने दादर. सोबत थोरला मुलगा, एक पिशवी, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये रिपोर्ट. दोन दिवसांत परत येऊ, असे घरी सांगून निघालेले हे लोक प्रत्यक्षात दोन-दोन महिने अडकतात.

परळचे टाटा रुग्णालय जन्मले तेही परगावच्या आजारपणातूनच. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि 1931 साली वेल्समधल्या एका रुग्णालयात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी हे रुग्णालय उघडले. उपचारासाठी सातासमुद्रापार जाणे ज्यांना परवडत होते त्यांनाही तो प्रवास किती जड गेला असेल! आज देशभरातली माणसे परळला येतात. इलाज देशातच होतो, पण मुक्कामाचा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे एक जुने मराठी उत्तर गाडगे महाराजांचे. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू या क्षेत्रांच्या ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हे सर्वांना ठाऊक असते. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ फुटपाथवर पडलेले रुग्णांचे नातेवाईक पाहून त्यांनी तिथेही धर्मशाळेचा आग्रह धरला, हे तुलनेने कमी सांगितले जाते. मला ते त्यांच्या कामातले फार मोठे पाऊल वाटते. देवाच्या दारी आलेल्याला आसरा देण्याची रीत आपल्याकडे होतीच, बाबांनी दवाखान्याच्या दारी आलेल्यालाही त्याच पंगतीला बसवले. स्वतः मात्र ते आपण बांधलेल्या धर्मशाळेत राहत नसत, असे सांगतात. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले. त्यांच्या पश्चात गाडगे महाराज मिशनने दादर पूर्वेला उभारलेल्या बहुमजली धर्मशाळेत आज रोज काहीशे माणसे राहतात आणि त्यांतली बहुतेक टाटातले रुग्ण व त्यांची सोबत. भाडे नाममात्र, जेवण स्वस्त.

आसरा देणे बारामती-इंदापूरकरांना नवे नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते तेव्हा घराघरांतून अनोळखी वारकऱ्यांची पाने मांडली जातात. पण वारकरी एका रात्रीचा पाहुणा. कर्करोगाच्या रुग्णासाठी धर्मशाळेला आतूनच बदलावे लागते. यात्रेकरूला सतरंजी आणि नळ पुरतो. या माणसाला चढायला लिफ्ट लागते, उलटी आली तर जवळ मोरी लागते आणि सर्वांत जास्त लागते ते स्वयंपाकघर.

तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर अनेकांना काही काळ नाकातून नळी असते. भाकरी-कालवणावर वाढलेल्या माणसाला मग दूध, अंडे, डाळ, भाताची पेज, सारे मिक्सरमधून काढून, गाळून, मोठ्या सिरिंजने हळूहळू द्यायचे, दिवसातून सहा-सात वेळा. एक गुठळी राहिली तरी नळी तुंबते आणि पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. हे काम खानावळीला सांगून होत नाही. ज्या सुनेने आयुष्यात कधी मुंबई पाहिली नव्हती ती इथे चार दिवसांत नळीचे जेवण करायला शिकते, तेही शेजारच्या खोलीतल्या मराठवाड्याच्या किंवा बंगालच्या बाईकडून. एकमेकींची भाषा येत नसली तरी गाळणी कशी धरायची हे कळते. कोणत्या खिडकीवर गर्दी कमी, कोणत्या दिवशी कोणती ओपीडी, तोंड सोलवटले तर कशाने गुळण्या करायच्या, हे शहाणपण धर्मशाळेच्या जिन्यात मिळते. हे परस्परांचे शिक्षण मला इथली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि कोणत्याही पावतीवर त्याची नोंद नसते.

केमोचे गणित वेगळे. औषध चढवले त्या दिवशी माणूस बरा दिसतो. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तेव्हा आलेला साधा ताप जिवावर बेतू शकतो. शंभराच्या वर पारा चढला की रात्र असो, पहाट असो, थेट रुग्णालय गाठायचे असते. कऱ्हाटीहून ते जमणार नाही, दादरहून जमते. म्हणून धर्मशाळेला मी नुसती सोय म्हणणार नाही, ती उपचाराचाच भाग आहे. रेडिएशनच्या बाबतीत तर हे आकड्यांत दिसते. डोके-मानेच्या कर्करोगात सुरुवातीचे काही आठवडे गेले की उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. मध्येच खंड पडून उपचार लांबले, तर वाया गेलेल्या दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे टक्काभराने घटते. “दोन दिवस गावाला जाऊन येतो” म्हणून गेलेला माणूस आठवडाभर आला नाही, तर किंमत अशी मोजावी लागते.

तरीही तो का जातो? कारण गावाकडेही घर थांबलेले नसते. धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, वैरण आणावीच लागते. थोरला मुंबईत असला तर धाकट्याला बारामती एमआयडीसीतल्या ठेकेदाराकडे खाडे पडतात. पंधरा दिवसांनी भाऊ पाळी बदलतात. लेक सासरहून येते, जावई जागरणाला थांबतो. आई शेताचे, जनावरांचे पाहते आणि रोज फोनवर एकच विचारते, “आजची लाईट झाली का? जेवले का?” लाईट म्हणजे रेडिएशन. अण्णा पलीकडून गाईचेच विचारतात. सोबतच्या माणसाचे दुखणे कोणी विचारत नाही. त्याचेही पाठ-गुडघे फरशीवर झोपून धरलेले असतात, आणि डॉक्टर जे बोलले ते अण्णांना किती सांगायचे याचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असतो.

धर्मशाळा कितीही वाढवल्या तरी पुरत नाहीत. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड्सची घरे आहेत. हरखचंद सावला यांचा जीवनज्योत ट्रस्ट 1983 पासून रुग्ण आणि नातेवाइकांना जेवू घालतो. एवढे असूनही जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर आणि हिंदमाताच्या पुलाखाली बिछाने दिसतात. 2021 मध्ये म्हाडाने 100 घरे टाटा रुग्णालयाला देऊ केली. किल्ल्या सोपवताना शरद पवार हजर होते. त्यांच्या स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगावर 2004 मध्ये शस्त्रक्रिया झालेली, आणि तंबाखूच्या व्यसनाविषयी ते जाहीरपणे बोलत आले आहेत. इमारतीतल्या रहिवाशांनी विरोध केल्यावर त्या वाटपाला स्थगिती मिळाली आणि लगेच भोईवाड्याकडे बॉम्बे डाइंगच्या जागेतील घरे देण्याचे ठरले. कर्करोग शेजारच्याला लागत नाही. हे आजही समजावून सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

खरा दिलासा मुक्काम लहान होण्यात आहे. त्याचे जुने उदाहरण बार्शीचे. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडीमार्गे कऱ्हाटीकरांना गाठता येते अशा या गावी 1982 पासून नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 साली इथेच सुरू झाली. मुंबईत न जाताही गावाकडच्या रुग्णाचा विचार करता येतो हे बार्शीने दाखवले. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली रुग्णालये जोडून उपचाराच्या समान पद्धती ठरवायला घेतल्या. परळच्या डॉक्टरांनी योजना आखून दिली आणि रेडिएशन किंवा केमो पुण्यात वा बार्शीला घेता येत असेल, तर तसे स्पष्ट विचारावे. यात कमीपणा नाही आणि डॉक्टरांचा अपमानही नाही.

निघण्यापूर्वी काही गोष्टी हाताशी असाव्यात. तपासणीच्या रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत, नाहीतर त्यांच्यासाठी पुण्याला खेप पडते. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मूळ प्रतींसह न्यावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे, कारण बिल भरल्यानंतर मंजुरी मिळवणे कठीण जाते. रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी शयनयान आणि थ्री एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आणि फाईल निघाल्या दिवशीच वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन धर्मशाळेची चिठ्ठी मागावी. रेडिएशनची तारीख मिळाल्यावर बघू म्हणून थांबले, तर तोवर खोल्यांची यादी भरलेली असते.