चालू स्थितीतला बंब

संपादकांना ट्रक हवे होते. धार-देवासकडे, कुक्षी-निसरपूरच्या बाजूला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या आगेमागे जुन्या बेडफर्ड आणि फार्गो अजून उभ्या असतील, त्यांना जिवंत ठेवणारे मिस्त्री असतील, त्यांच्यावर लिही, असा त्यांचा हुकूम होता. ट्रकांचं काय झालं ते पुढे येईलच. आधी बंबाचं सांगते, कारण ट्रकांच्या मागावर असतानाच या बंबाने मला अडवलं.

तो नवी दिल्लीत आहे, चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. १९७७ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात लोक येतात ते वाफेची इंजिनं आणि पतियाळाची मोनोरेल बघायला. त्यांच्यामध्ये हा लाल रंगाचा, पितळेने मढलेला १९१४ सालचा बंब. मँचेस्टरला खेटून असलेल्या साल्फर्डच्या जॉन मॉरिस अँड सन्सने तो बांधला, खालची मोटार बेल्साइझची. मागवला होता निजामाच्या रेल्वेने. ही रेल्वे आपल्याला परकी नाही. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला पोचणारा मीटर गेज मार्ग तिचाच होता. लाकडी डबे, रंगाचे पिंप, फलाटांवर कापसाच्या गासड्या आणि या सगळ्याच्या जवळून ठिणग्या उडवत जाणारी इंजिनं, असा ज्या कंपनीचा संसार, तिने स्वतःचा बंब बाळगला यात नवल नाही.

नवल आहे ते पुढचं. बेल्साइझ कंपनी १९२५ मध्ये बंद पडली. म्हणजे गेली शंभर वर्षं या गाडीचा सुटा भाग कारखान्याकडून मागवायची सोयच नाही. तरीही ती चालते. दिल्लीत १९६४ पासून भरणाऱ्या ‘स्टेट्समन’च्या जुन्या मोटारींच्या रॅलीत हा बंब स्वतःच्या इंजिनावर धावत आला आहे, ट्रेलरवर चढून नव्हे. संग्रहालयाच्या भाषेत याला ‘चालू स्थितीत’ म्हणतात. या दोन शब्दांमागे किती घाम असतो, ते अशा यंत्राला हात लावणाऱ्यांनाच ठाऊक.

सुरुवात हँडलपासून. त्या पिढीच्या मोटारी हँडल मारून चालू व्हायच्या आणि हँडल मारायची एक शिस्त असते. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा पलीकडे असेल तर मनगट जातं. म्हणून आधी ठिणगीची वेळ मागे घेणारी दांडी बघायची, मग हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. जुन्या गॅरेजांत पोराला पाना धरायला शिकवण्याआधी हे शिकवत.

इंजिनाच्या आत आजच्यासारखी बदलून टाकायची बेअरिंग नसतात. व्हाइट मेटल वितळवून जागेवर ओततात, मग शाफ्टला निळं मार्किंग लावून फिरवून बघतात. निळा डाग जिथे उमटेल तिथे धातू जास्त आहे. तो स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा निळं लावायचं, पुन्हा फिरवायचं. डाग सगळीकडे सारखा पसरेपर्यंत हा खेळ चालतो. घाई केली तर बेअरिंग पहिल्याच चढावर वितळून बाहेर येतं.

पण मला खिळवून ठेवलं ते पंपाने. बंबाच्या इंजिनाला दोन कामं असतात. आगीपर्यंत धावायचं, आणि तिथे पोचल्यावर जागेवर उभं राहून पाणी फेकायचं. धावणं त्यातल्या त्यात सोपं. उभं राहिल्यावर रेडिएटरला वारा लागत नाही, आणि इंजिन मात्र तासन्‌तास भरधाव फिरायला हवं असतं. ट्रकला असली शिक्षा कधी होत नाही.

पंप कसा असावा यावर त्या काळच्या बंबवाल्यांत दोन तट होते. मेरीवेदर कंपनीच्या हॅटफील्ड पंपात तीन दट्टे वरखाली होत. डेनिसने १९०८ सालच्या आपल्या पहिल्या बंबापासूनच फिरत्या चाकाचा पंप धरला. चाकाचा पंप हलका, सुटसुटीत, पाण्याची धार एकसारखी. त्यात खोट एकच, आणि ती मोठी. चाक पाणी फेकतं, हवा फेकू शकत नाही. पंपात आणि सक्शन पाइपात हवा असेल तर चाक नुसतं गरगरतं आणि विहिरीतलं पाणी विहिरीत राहतं. म्हणून आधी आतली हवा काढून टाकणारी वेगळी व्यवस्था लागते, प्रायमर.

पंप पाणी ओढतो असं आपण सहज म्हणतो. ओढत काही नाही. आतली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपात वर ढकलतो. ही ढकल समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर, तीही कागदावर. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास बंबवाले समाधान मानतात. औरंगाबादच्या उंचीवर त्यातला अर्धा-पाऊण मीटर हवाच खाऊन टाकते. आणि सक्शनच्या एखाद्या जोडातला वायसर कडक झाला असेल, केसाएवढी फट असेल, तर तिथून हवा शिरते आणि सगळा डाव संपतो. म्हणून मिस्त्री आधी कोरडी परीक्षा घेतात. सगळी तोंडं बंद, प्रायमर चालू, नजर गेजवर. काटा खाली गेला आणि तिथेच थांबला तर पंप धड आहे. हळूहळू परतू लागला तर कुठेतरी गळतंय. मग जोडांजवळून मेणबत्ती फिरवायची. ज्योत जिथे आत ओढली जाते, तिथे चोर आहे.

चोर बहुतेक वेळा ग्लँडमध्ये सापडतो. पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथली ही जागा. एका म्हाताऱ्या फिटरला मी ती बांधताना पाहिलं. ग्रॅफाइट आणि चरबीत मुरलेली दोरी तो शाफ्टच्याच मापाच्या नळीवर गुंडाळतो आणि तिरकी कापतो, म्हणजे कड्याची दोन टोकं एकमेकांवर बसतात. एक कडं आत सरकवलं, लाकडी पट्टीने ठोकून बसवलं, की दुसऱ्याचा जोड पहिल्याच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, पाव वळसा फिरवून बसवायचा. सगळी कडी बसली की नट हाताने आवळायचा. पाना नंतर, पंप फिरायला लागल्यावर, तोही नटाची एकेक बाजू मोजत. नवशिका इथेच चुकतो. पाणी ठिबकतंय म्हणून तो नट कचकचून आवळतो, ठिबक थांबते आणि शाफ्ट तापून त्यावर चरे पडतात. ग्लँड ठिबकलीच पाहिजे, तेच पाणी तिला गार ठेवतं. किती ठिबकावं? फिटर कानाने ठरवतो असं मला वाटलं. त्याचं लक्ष थेंबांकडे नव्हतंच.

पूर्वी ही दोरी ॲसबेस्टॉसचीही असे. आता टेफ्लॉनची मिळते, ती बरीही असते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या गनमेटलच्या पंपात नवी दोरी कशी वागेल हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

मुंबईत मोटारबंब आले १९०७ साली, घोडे त्यानंतरही काही वर्षं जुंपले जात. गोदीतल्या आगी हा या बंबांचा कस लावणारा प्रसंग, कारण तिथे पाणी समुद्राचं. खारं पाणी चढवलेला पंप परत आल्यावर गोड्या पाण्याने धुतला नाही तर लोखंडी भाग आतून खाऊन जातात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला लागलेल्या आगीवर बंब असेच पाणी मारत होते. जहाजात कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, काठावरचे बंबही गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह याच दिवसाच्या आठवणीचा. पुढे १९५६ मध्ये सुरू झालेलं आणि लगेच नागपूरला आलेलं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय देशभरच्या अधिकाऱ्यांना पंप शिकवू लागलं. ते शिकवणं अर्थातच नव्या पंपांचं.

आता ट्रक.

कुक्षी-निसरपूरच्या निमाडात मला फार्गो सापडली नाही, आणि त्याचं कारण शोधताना माझा हा लेख वळला. ट्रक जपला जात नाही, तो वापरला जातो. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेल्या डॉज आणि फार्गो आधी पेट्रोलवर होत्या. डिझेल परवडू लागल्यावर मालकांनी त्यांत पर्किन्सचं इंजिन बसवलं. मग गिअरबॉक्स बदलला, पाटे वाढवले, केबिन नव्याने बांधली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागल्या, १९६९ मध्ये करार संपला आणि नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला. ताऱ्यावाल्या गाड्याही अशाच हप्त्या-हप्त्याने बदलत भंगारात गेल्या. राजवाड्यातली मोटार टिकली कारण ती बहुतेक वेळ उभी होती. निमाडचा कापूस आणि मिरची वाहणारा ट्रक उभा राहिला की मालकाच्या छातीत धस्स होई. निसरपूरचा जुना बाजार २०१९ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेला आणि वस्ती वर सरकली. असं स्थलांतर होताना लोक दारं, चौकटी, कौलं काढून नेतात. न चालणारा ट्रक कोणी नेत नाही, तो आधीच वजनावर विकलेला असतो. त्याच धार जिल्ह्यात पिथमपूरला १९८६ पासून आयशरचे ट्रक बनतात आणि नव्या गाड्यांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग आहे. जुन्या ट्रकासाठी जिल्ह्यात एखादी शेड असावी असं सुचवलं तर लोक हसतील.

कायदाही हसतो, फक्त जरा सभ्यपणे. २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरचं वाहन, मूळ रूपात असेल तर वीस हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नूतनीकरणाला पाच हजार. चांगली सोय आहे. पण ती खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी. मालवाहू गाडी त्यात बसत नाही, बंबही बसत नाही. शिवाय चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको ही अट आहेच. पर्किन्स बसवलेली फार्गो या अटीत पहिल्याच फेरीत बाद. संस्थानिकाची हौस वारसा ठरते आणि कष्टाचं वाहन ठरत नाही, हे मला खटकतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे कोणती गाडी होती ते स्पष्ट दिसतं.

दुसरा नियम याहून कडक. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या पंधरा वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी रद्द होते. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना. बंबांचं नाव त्यात नाही. छोट्या नगरपरिषदेचा बंब वर्षभरात किती धावतो? बहुतेक काळ तो शेडमध्ये उभा असतो. त्याचं खरं वय पंप किती तास चालला यावर मोजायला हवं, ते नोंदणीच्या तारखेवर मोजलं जातं. पन्नाशीला पोचलेला पालिकेचा बंब यापुढे होणारच नाही, कारण पंधराव्या वर्षीच त्याची चेसी नोंदणीकृत भंगारकेंद्रात कापली जाईल. आणि दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर बंदी घालणाऱ्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच शहरात १९१४ चा पेट्रोलचा बंब मिरवणुकीत धावतो. तो धावावाच, माझी तक्रार बाकीच्यांना ही मुभा नाही याची आहे.

संग्रहालयाच्या आवारात उभं राहायला नोंदणी लागत नाही, मग पालिकांनी निवृत्त बंब एका कोपऱ्यात ठेवावेत, असं सहज म्हणता येतं. पण उभं राहणंच यंत्राला मारतं. ग्लँडमधली दोरी सुकते, वायसर तडकतात, व्हॉल्व्ह चिकटतात. महिन्यातून एकदा तरी इंजिन चालवून पंप ओला करावा लागतो, आणि त्यासाठी पगारावर माणूस लागतो, नुसता रखवालदार नाही. ज्यांना ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडता येतो असे फिटर साठीच्या पुढे आहेत. आयटीआयमधला मुलगा स्कॅनर जोडून दोष वाचतो. त्याची चूक नाही, त्याला पोट आहे.

आणि आता पेट्रोलही बदललं. पेट्रोलपंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, ते हवेतली ओल पितं. जुन्या कार्बोरेटरांत तरंगणारा फ्लोट काही वेळा बुचाच्या लाकडाचा, वर लाखेचं रोगण. इथेनॉल ते रोगण विरघळवतं, बूच भिजून जड होतं, फ्लोट बुडतो आणि इंजिन पेट्रोलने गुदमरतं. यावर उपाय आहे. फ्लोट पातळ पितळी पत्र्याचा करून घ्यायचा, सांधे डाख देऊन बंद करायचे. पुण्याच्या तांबट आळीत हे काम करू शकणारे हात अजून आहेत. पण फ्लोटचं वजन नेमकं हवं, डाखाचा एक थेंब जास्त झाला तरी पेट्रोलची पातळी वर चढते. ते वजन किती, हे तांबटाला सांगणारं कोणी हवं, आणि मूळ फ्लोट तर कधीच फेकून दिलेला असतो.