गळाची मासेमारी, नदीतील

गळाची मासेमारी, नदीतील : काठी, दोरी व आमिष लावलेला गळ यांच्या साहाय्याने वाहत्या पाण्यातील मासे एकेक करून पकडण्याची कला. जाळ्याने केलेल्या मासेमारीत निर्वाह अथवा व्यापार हा हेतू असतो. गळाच्या मासेमारीत त्याबरोबरच करमणुकीचा भागही मोठा असतो. इंग्लंडमध्ये सामन व ट्राउट हे मासे श्रेष्ठ मानले जात आणि गोड्या पाण्यातील उरलेल्या माशांची गणना दुय्यम प्रतीत होई. बार्बेल व चब हे या दुसऱ्या वर्गातील प्रमुख नदीमासे होत. आयझाक वॉल्टन यांनी १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गळ-मासेमारीवरील ग्रंथात दोहोंचेही वर्णन आहे. हे दोन्ही मासे पारंपरिक वर्गीकरणानुसार सायप्रिनिडी (कार्प) कुलातील आहेत. महाराष्ट्राच्या नद्यांत सामन वा ट्राउट मूळचे नाहीत. त्यामुळे येथे बार्बेलचे आप्तच गळाचे मुख्य मासे ठरतात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील नद्यांना या विषयात विशेष स्थान आहे. भीमा नदी या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहते व याच टापूत तिला मुळा-मुठा मिळते. शिरूरजवळून वाहणारी घोड नदी (हिच्यावरून शिरूरला ‘घोडनदी’ असेही म्हणतात) पुढे भीमेलाच मिळते. दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास बऱ्याच अंशी याच पाण्यात झाला.

इतिहास : मुंबई सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. त्या कामी दख्खनमध्ये फिरत असताना त्यांनी येथील मासे गोळा केले व त्यांची वर्णने लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या प्रकाशनांतून १८३९ व १८४१ मध्ये प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना साइक्स यांनी अनेक ठिकाणी कोळ्या-भोयांच्या तोंडची नावेच लॅटिन साज चढवून स्वीकारली. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, फुलुंगी, पोटेल ही जातिनामे त्यामुळे आजही जगभरच्या शास्त्रीय वाङ्‌मयात वापरली जातात. यांपैकी ‘खुद्री’चे वर्णन पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून, तर ‘मुसुल्ला’चे वर्णन शिरूर येथे घोड नदीत मिळालेल्या माशावरून केलेले आहे. साइक्स यांनी दोहोंनाही युरोपीय बार्बेलच्याच ‘बार्बस’ या वंशात घातले होते. हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळ-मासेमारीवर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून महसीर हा या देशातील गळाचा सर्वश्रेष्ठ मासा मानला जाऊ लागला.

मासे : बार्बेल (बार्बस बार्बस) नदीच्या तळाशी राहतो. त्याचे तोंड खालच्या बाजूस असून त्याभोवती मिशांसारख्या स्पृशांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो गोट्यांमधील भक्ष्य चाचपून शोधतो. ब्रिटनमध्ये त्याचे वजन १० किग्रॅ.च्या आतच राहते. दख्खनचा महसीर (टॉर खुद्री) यालाही स्पृशांच्या दोन जोड्या असतात. मात्र तो याहून बराच मोठा होतो व त्याचे खवलेही मोठे असतात. या कुलातील माशांच्या जबड्यांत दात नसतात. दात घशात असतात व त्यांनी शिंपले व खेकडे चिरडले जातात. कोलुस व मुसुल्ला यांचा समावेश आता ‘हिप्सेलोबार्बस’ वंशात होतो. चब (स्क्वालियस सेफॅलस) पाण्याच्या वरच्या थरात फिरून प्रवाहाबरोबर येणारे कीटक व फळे खातो. त्याच्या आकाराचा जोडीदार भीमेत नाही. पृष्ठभागी राहणारे अलकूट व बलुकी यांसारखे चपटे, चंदेरी मासे त्याच्या सवयीचे असले, तरी पुष्कळच लहान असतात.

साधने व पद्धती : पूर्वापार साधन म्हणजे बांबूची लवचिक काठी, तिच्या टोकाला दोरी, शिशाचे वजन व लोखंडी गळ. पुढे सुती दोरीची जागा नायलॉनच्या तंगूसाने घेतली आणि हौशी लोकांत रिळाच्या काठ्या रूढ झाल्या. तळाशी चरणाऱ्या माशांसाठी वजन लावून आमिष तळावर ठेवतात. वर फिरणाऱ्या माशांसाठी भेंडाचा वा मोरपिसाच्या दांडीचा तुकडा दोरीला बांधून आमिष तरंगते ठेवतात. आमिष म्हणून गांडुळे, कणकेचा गोळा, भिजवलेले हरभरे, लहान खेकडे व मासे वापरतात. महसीर काठच्या झाडांची पाण्यात पडणारी फळेही खातो, म्हणून उंबराच्या झाडाखालील डोह जाणकार सोडत नाहीत. पेंड टाकून मासे एका जागी जमवण्याची रीतही आहे.

गळ कोठे टाकावा हे प्रवाह पाहून ठरते. उथळ खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे प्राणवायूयुक्त पाणी व वाहून आलेले भक्ष्य दोन्ही मिळतात. मासे तेथे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. पावसाळ्यातील गढूळ पुरात गळ निरुपयोगी ठरतो. पाणी निवळल्यावर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरपासून पुढे, हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात धार तुटली की मासे डोहात अडकतात. त्या वेळी ते पकडणे सोपे, पण जातीच्या दृष्टीने सर्वांत हानिकारक असते.

बदललेली नदी : महसीराची अंडी एका वेळी थोडीच असतात व ती वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांवर वाढतात. भीमा व घोड यांच्या पात्रांत आज ही परिस्थिती क्वचितच आढळते. धरणे व कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांमुळे नदीचे साचलेल्या पाण्याचे तुकडे पडले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंडच्या दिशेने पसरला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठा व भीमा यांतून खाली येते. वाळूच्या उपशाने तळ उकरला गेला. साचलेल्या पाण्यात वाढणारे रोहू, कटला व मृगळ हे गंगेकडील मासे आणि सायप्रिनस व चिलापी (तिलापिया) हे परदेशी मासे यांचे प्राबल्य झाले. गळाला आज बहुधा चिलापी लागते. सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी आहे. तथापि अधिवास टिकवण्यास ती पुरेशी नाही.

संवर्धन व त्यातील धडा : लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकात टॉर खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. तेथील बीज अन्य नद्यांप्रमाणे कावेरीतही सोडण्यात आले. कावेरीत कुबडाचा एक प्रचंड महसीर होता. त्याला दीर्घकाळ शिरूरच्या माशाचे ‘मुसुल्ला’ हे नाव चुकीने लावले जाई. २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले व त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. दख्खनच्या पाहुण्याने त्याची जागा घेतली होती. ही गोष्ट उघड झाली ती मुख्यतः मासा पकडून, मोजून पुन्हा सोडून देणाऱ्या गळधारकांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून. माशाचे बीज कोठेही सोडणे म्हणजे संवर्धन नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

इंग्लंड व वेल्समधील नद्यांत १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात अशा माशांची गळ-मासेमारी बंद असते. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर हा महसीराच्या विणीचा काळ आहे. देहू येथील इंद्रायणीचा डोह आणि महाडजवळील वाळण कोंड येथे मासे पवित्र मानून पकडत नाहीत. अशा श्रद्धेने राखलेले डोह हीच महसीराची महाराष्ट्रातील जुनी अभयस्थाने होत. घोड व भीमेतील उरलेले खोल डोह राखणे, विणीच्या काळात गळ बंद ठेवणे, परक्या जाती न सोडणे आणि हाती आलेल्या देशी माशाची नोंद करून तो परत पाण्यात सोडणे, एवढे झाले तर शिरूर व पुण्याच्या पाण्यावरून जगाला माहीत झालेले मासे त्यांच्या मूळ नद्यांत टिकण्याची शक्यता आहे. [⟶ महसीर, मत्स्योद्योग].