ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल : केव्हा बदलावे, कसे बदलावे



आपल्या आष्टी तालुक्यात पाऊस आधीच कमी. त्यात रब्बी ज्वारीच्या पेरणीला वाफसा मिळतो तो मोजून चार-सहा दिवस. नेमके त्याच वेळी ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलेना झाली, तर ओल उडून जाते आणि मेकॅनिकची वाट पाहत बसावे लागते. इंजिनाचे तेल बहुतेक जण वेळेवर बदलतात. मागच्या बाजूचे तेल मात्र ट्रॅक्टर घेतला तेव्हाचेच चालू असते! म्हणून आज त्याविषयी.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, मागचा आस आणि लिफ्ट या सर्वांना एकच तेल असते. तेच तेल गिअरच्या दात्यांना वंगण देते आणि तेच पंपाने दाबून लिफ्टचा दट्ट्या वर ढकलते. ज्या ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक आहेत, तिथे ब्रेकही याच तेलात चालतात. त्यामुळे दुकानदाराने दिले ते साधे गिअर तेल ओतून भागत नाही. चुकीच्या तेलाने ब्रेक किरकिरतात, नीट लागत नाहीत. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तेलाचा जो प्रकार छापला आहे, तोच मागावा.

पंपाच्या आतल्या भागांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. आपली काळ्या रानातली बारीक धूळ तिथे गेली की कानशीसारखे काम करते. पाणी गेले तर तेल दुधाळ होते, चहासारखे दिसते. असे तेल दिसले तर तास मोजत बसू नका, लगेच बदला आणि पाणी कुठून शिरले तेही शोधा. बहुधा गिअरच्या दांड्याचे रबर फाटलेले असते, नाहीतर धुताना पाण्याचा फवारा हवा जाण्याच्या झडपेवर मारलेला असतो.

डंपिंग ट्रॉलीकडे तर कोणाचे लक्षच नसते. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उचलतो. आज ती तुमच्या ट्रॅक्टरला, उद्या भावकीतल्या दुसऱ्याच्या. म्हणजे त्याच्या ट्रॅक्टरातले घाण तेल तुमच्यात आलेच. शिवाय नळीचे तोंड मातीत लोळत असते. ते जोडण्याआधी फडक्याने पुसावे, सोडल्यावर टोपण लावावे. ट्रॉली शक्यतो एकाच ट्रॅक्टरला ठेवलेली बरी.

तेल केव्हा बदलायचे? पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत १००० तास हा आकडा असतो. काहींचा वेगळा असतो, तो पाहून घ्यावा. आपल्याकडचे अनेक ट्रॅक्टर दिवाळीच्या सुमारास उसाच्या वाहतुकीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तिकडे लिफ्टचे काम नाही, म्हणून तेल तसेच राहिले असे समजू नका. भरल्या ट्रॉलीचा सगळा ताण गिअरवर, आणि तेल तेच. हंगामाहून परत आल्यावर, नांगरटीआधी बदलणे सोयीचे.

आता कृती. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करा, म्हणजे बुडचा गाळ तेलाबरोबर निघतो. सपाट जागी उभा करा, हातब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. लिफ्ट पूर्ण खाली सोडा, नाहीतर दट्ट्यामागचे तेल आतच राहते. इंजिन बंद करून खालचे बूच उघडा. काही ट्रॅक्टरांना दोन-तीन बुचे असतात, सगळी उघडावीत. उघडण्याआधी भोवतालची माती पुसून काढा. मध्यम ट्रॅक्टरात ३० ते ५० लिटर तेल बसते, तेव्हा खाली मोठे भांडे ठेवा.

बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटले ते नीट पाहा. करडा, लोण्यासारखा लगदा असेल तर ती नेहमीची झीज. दात्याचा तुकडा किंवा चकत्या निघाल्या तर नवीन तेल भरू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

जाळी काढून डिझेलने ब्रशने धुवा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, नवाच घालायचा. पुष्कळजण आत डिझेल ओतून पेटी धुतात. तसे करू नये. कोपऱ्यात राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते. बुचाचा वायसर नवा लावा. स्वच्छ नरसाळ्याला बारीक जाळी लावून तेल भरा, इंजिन हळू चालवून लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा, आतली हवा निघेल. मग लिफ्ट खाली ठेवून, इंजिन बंद करून पट्टीवर पातळी पाहा आणि कमी असेल तेवढी भर घाला.

नळी गळते का ते बोटाने चाचपू नका. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा धरून पाहावे. आणि उचललेल्या अवजाराखाली कोणीही शिरू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नये.

एवढे करूनही नांगर उचलल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर दोष तेलाचा नाही. दट्ट्याची रिंग किंवा झडप झिजली आहे. तिथे पुन्हा तेलावर पैसे घालू नका. पंप कण्हल्यासारखा आवाज करीत असेल तर मात्र आधी पातळी आणि जाळी पाहा. बऱ्याचदा दुखणे तिथेच असते.

जाता जाता मोटारीविषयी. क्लच न दाबता गिअर बदलणाऱ्या गाड्या आता खेड्यातही आल्या आहेत. त्यातली एएमटी प्रकारची सोय भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून सुरू झाली. अशा काही गाड्यांत क्लच आणि गिअर हलवायला छोटा तेलपंप असतो. त्याचे तेल गिअरपेटीच्या तेलाहून वेगळे, अगदी थोडे. त्यात ट्रॅक्टरचे किंवा ब्रेकचे तेल घालू नये. ते बदलल्यावर हवा काढून संगणकाने जुळणी करावी लागते, म्हणून ते काम कार्यशाळेतच करून घ्यावे.

काढलेले जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, जनावरांच्या जखमेला लावू नका. डब्यात बंद करून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. आणि बदलल्याची तारीख व तासमीटरचा आकडा अवजारपेटीच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहून ठेवा.